आधीच्या मॅडमचा आवाज

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी शाळेच्या गेटातून आत शिरले तेव्हा प्रार्थनेची घंटा नुकतीच झाली होती. मुलं मैदानात रांगा करत होती. मुख्याध्यापिका बाईंनी मला शिक्षकांच्या ओळीत उभं राहायला खुणावलं. ऑफिसच्या खिडकीशी बसलेल्या शिपायाने एक बटण दाबलं, भोंगा जरा खरखरला आणि एका बाईचा आवाज आला, "सरळ उभं राहा. डोळे मिटा. हं." मग पेटीचा सूर आला, आणि ती बाई गाऊ लागली. तिच्या मागून मुलं.

मी डोळे मिटलेच नाहीत. आवाज चांगला आहे हे पहिल्या ओळीतच कळलं. शाळेच्या प्रार्थनेत घाईघाईने उरकलेला आवाज ऐकायची सवय असते. ही बाई सुरावर नीट थांबत होती, मग पुढे जात होती. भूप रागातली साधी चाल, शब्द कोण्या जुन्या हेडमास्तरांनी लिहिलेले. तिसऱ्या ओळीच्या मध्येच, एका शब्दाचे दोन तुकडे करून, तिने श्वास घेतला. आणि मैदानातल्या झाडून सगळ्या मुलांनी नेमका तिथेच श्वास घेतला.

माझ्या शेजारी पीटीचे सर उभे होते. प्रार्थना संपल्यावर मी त्यांना म्हटलं, "छान गातात. कोण आहेत?"

सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "त्याच त्या. तुमच्या आधीच्या मॅडम."

"मग सोडून का गेल्या? दुसरीकडे लागल्या का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला सांगितलं नाही कोणी?"

सांगितलं होतं. मुलाखतीत मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या होत्या, आमच्या म्युझिकच्या मॅडम दिवाळीत गेल्या, त्यामुळे जागा तातडीने भरायची आहे. मी समजले, नोकरी सोडून गेल्या. आता सरांकडून कळलं, त्या दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी घरातच कोसळल्या होत्या. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा शिपायाने रोजच्यासारखं बटण दाबलं आणि त्यांचा आवाज आला. त्या दिवशी म्हणे अर्धा स्टाफ रडत उभा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा बटण दाबलं. बंद करा असं म्हणायचं कोणी, म्हणून कोणीच म्हटलं नाही.

मी मूळची मिरजेजवळच्या एका गावची. संगीतात विशारद झाले, दोन वर्षं घरी शिकवण्या केल्या आणि मग घणसोलीला भाऊ-वहिनींकडे राहायला आले. शाळा तळवली गाव आणि सेक्टरमधल्या टॉवरच्या मधोमध होती. गावातली मुलं चालत येत, टॉवरमधली स्कूल बसने. मला जिन्याखालची एक लांबट खोली मिळाली. तिथे एक पेटी होती, तबल्याची जोडी होती, बऱ्याच खंजिऱ्या होत्या आणि एक खुर्ची होती, तिच्या पाठीवर शाल टाकलेली. शाल कोणी काढली नव्हती. मीही काढली नाही. पाठ न टेकता बसायची सवय लावून घेतली.

पहिले काही आठवडे फार जड गेले. पाचवीची मुलं गोड होती, पण सहावी-सातवी मला स्वीकारायलाच तयार नव्हती. "मॅडम, तुमी असं का घेता? मॅडम असं नाय घ्यायच्या." मी मॅडम नव्हते. मॅडम त्याच होत्या. मला मुलं 'नवीन मॅडम' म्हणत. पेटीवर मी काळी चारची पट्टी धरली की मुलं आपोआप वर सरकून काळी पाचवर जात, कारण त्यांचा सा तिथे होता. मी पुन्हा खाली आणायची, ती पुन्हा वर जायची. शेवटी मीच काळी पाच धरली. माझ्या गळ्याला ती चढत होती, पण कोणाशी भांडणार?

टेबलाच्या खणात एक स्टीलचा छोटा डबा होता, त्यात ज्येष्ठमधाच्या कांड्या. एकदा मी तो उघडा ठेवला तर पुढच्या रांगेतली एक मुलगी सरळ उठून आली आणि हात पुढे केला. "मॅडम एक-एक द्यायच्या. छान गायलं की." मी तिला दिली, मग सगळ्यांनाच द्यावी लागली. डबा रिकामा झाल्यावर मी घणसोलीच्या काष्ठौषधीवाल्याकडून आणून तो भरला. वहिनी म्हणाली, "अगं, पगार तुला मुलांना खाऊ घालायला देतात का?" मी हसले, पण तिला नीट सांगता आलं नाही. त्या वर्गात गेलं की आपण कोणाच्या तरी घरी, ते घरात नसताना, राहतोय असं वाटायचं.

सकाळची प्रार्थना तर रोजचीच. मी ओळीत उभी असायची आणि माझ्याहून कितीतरी तयार गळा माझ्या डोक्यावरून सगळ्या मैदानात पसरायचा. आवाजाचा हेवा वाटायचा, आणि मेलेल्या बाईचा हेवा वाटतो म्हणून स्वतःचीच शरम वाटायची. रोज तेच. "सरळ उभं राहा. डोळे मिटा. हं."

सातवीच्या रांगेत एक मुलगी मला रोज दिसायची. रांगा उंचीप्रमाणे असायच्या, बुटकी मुलं पुढे. ही चणीने लहान, पण उभी राहायची सगळ्यात शेवटी, ज्या खांबावर भोंगा लावला होता त्या खांबाला खेटून. बाकीची मुलं डोळे मिटून गात. ही वर बघत राहायची. गात नसे.

मी तिच्या वर्गशिक्षिकेला विचारलं, "ती मागे का उभी राहते? तिला पुढे घ्या ना."

"राहू दे तिला तिथे," त्या म्हणाल्या. आणि मग हळूच म्हणाल्या, "मॅडमची मुलगी आहे ती."

मला क्षणभर कळेना, कुठल्या मॅडमची. मग कळलं. म्हणजे ही मुलगी रोज सकाळी शाळेत येते आणि तिची आई भोंग्यातून तिला सरळ उभं राहायला सांगते.

माझ्या तासाला ती खिडकीशी बसायची. कधी त्रास दिला नाही, कधी काही विचारलं नाही. मी सांगेन तो अलंकार वहीत उतरवून घ्यायची. सगळा वर्ग गात असला तरी तिचे ओठ मिटलेले. मी तिला गायचा आग्रह केला नाही. ज्या खुर्चीत तिची आई बसायची त्या खुर्चीतून मी तिला 'गा' म्हणून सांगायचं, हे माझ्याने होण्यासारखं नव्हतं.

जानेवारीत गॅदरिंग झालं. मुलं बरी गायली, पालकांनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापिका बाईंनी माझं कौतुक केलं. त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी एक गृहस्थ संगीताच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. अंगात कंपनीचा निळा युनिफॉर्म, डोळे जागरणाने लाल. खोलीत पाऊल टाकायच्या आधी त्यांनी चपला काढल्या.

"मॅडम, टाइम हाय का जरा?"

"या ना. कोणाचे पालक आपण?"

"पालक बी हाय," ते म्हणाले. त्यांची नजर खुर्चीवरच्या शालीवर गेली आणि तिथेच राहिली. "तुमच्या आदी ज्या होत्या ना हितं, त्यांचा मी नवरा."

मी खुर्चीवरून उठले. ते "बसा, बसा" म्हणाले, पण मला बसवेना. मग आम्ही दोघंही सतरंजीवर बसलो.

ते तळवलीचेच. गावात त्यांचं तीन मजली घर होतं, खालचे दोन मजले भाड्याने दिलेले, वर बाप-लेक राहत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत ते ऑपरेटर होते आणि त्यांना बहुतेक नाइट असायची. बायको कोकणातली, चिपळूणकडची. गावातल्या एका लग्नात गायला आली होती, तिथे ओळख झाली. हे सगळं त्यांनी मी न विचारता सांगितलं, जणू मुद्द्याशी यायचं लांबवत होते.

"माजं काम येवडंच हाय मॅडम. नाइट करून सकाली मी बसमदून उतरतो. आनि बरोबर तवाच तुमची प्रार्थना लागते. दोन भोंगे हायेत ना, येक मैदानात आनि येक गावाच्या साइडला. तो गावाच्या साइडचा जरा फिरवता येल का? रोडकडं?"

मी खिडकीतून गावाच्या बाजूला पाहिलं.

"बंद करा असं नाय बोलत मी," ते घाईने म्हणाले. "शालेची प्रार्थना हाय, ती होनारच. पन मी बसमदून उतरतो आनि ती बोलते, सरळ उभं राहा. आता रातभर उभा राहूनच आलोय ना मी." ते हसायला गेले आणि हसू अर्ध्यात मोडलं. "नाक्यावरून घरापतूर चालत जायचं, तेवड्यात सगली प्रार्थना होते. दार उघडतो तवा संपलेली असते. घरात कोन नाय."

"मुलीशी बोललात तुम्ही?" मी विचारलं.

"तिला काय सांगायचं? लहान हाय. तिला मैत्रिनी हायेत, शाला हाय, ती सावरली. माजंच मन जरा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मी पीटीच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, भोंगा रोडकडे फिरवला तर समोरच्या सोसायटीचे लोक लगेच तक्रार घेऊन येतील, एकदा असं झालं आहे. मग मी मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हे कधीतरी करायलाच हवं होतं. भोंगा फिरवण्यापेक्षा आपण प्रार्थनाच नव्याने रेकॉर्ड करू. आता तुम्ही आहात ना."

कुठल्याही नव्या शिक्षकाला असं ऐकून बरं वाटलं असतं. मला एखाद्याच्या घराचं कुलूप बदलायला सांगितल्यासारखं वाटलं.

शाळेत बातमी पसरायला वेळ लागत नाही. त्याच दिवशी सहावीची मुलं माझ्याभोवती गोळा झाली, "मॅडम, रेकॉर्डिंगमध्ये मला घ्या, मला घ्या." शाळा सुटल्यावर मी पेटी बंद करत होते तेव्हा दारात ती मुलगी उभी होती. दप्तर दोन्ही खांद्यांवर, हात पट्ट्यांत अडकवलेले.

"मॅडम, जुनी काढणार का?"

"आत ये ना," मी म्हटलं.

ती आत आली नाही. उंबऱ्यावरूनच म्हणाली, "त्यात मी पण आहे."

मला समजलं नाही. तिने मग भरभर सांगितलं. ती तिसरीत असताना हे रेकॉर्डिंग झालं होतं, ह्याच खोलीत, दारं-खिडक्या लावून. मोठ्या मुलांना निवडलं होतं, पण ती हट्ट करून बसली म्हणून आईने तिला पेटीच्या अगदी शेजारी बसवलं. "दुसरं कडवं सुरू होताना एक मुलगी सगळ्यांच्या आधी सुरू करते. ऐकलंय तुम्ही?"

ऐकलं होतं. रोज ऐकत होते. एक बारीकसा आवाज घाईने पुढे पळतो आणि मग बाकीचे त्याला गाठतात.

"ती मी," ती म्हणाली. "सगळे बोलले परत घेऊ या. आई बोलली, राहू दे, छान वाटतंय. आमचं दोघींचं एकत्र तेवढंच आहे. बाकी मोबाइलमध्ये तिचे फोटो आहेत, पण तिच्या गाण्याचं काहीच नाहीये. ती स्वतःचं कधी रेकॉर्ड करायची नाही."

"बाबांना हे माहीत आहे?"

"बाबा ऐकतच नाहीत. ते नाइटवरून आले की झोपतात," ती म्हणाली. आणि मग खालच्या आवाजात, "मी ह्याच्यासाठीच शाळेत येते मॅडम. नाहीतर सकाळी उठवतच नाही."

ती गेल्यावर मी पेटी झाकून ठेवली. एकाच घरातली दोन माणसं. बाप नाक्यावरून चालत येताना तो आवाज ऐकत होता, मुलगी खांबाला टेकून ऐकत होती. बापाला वाटत होतं मुलगी सावरली आहे, मुलीला वाटत होतं बाप झोपला आहे. आणि मी, जिने त्या बाईला कधी पाहिलंही नाही, ती दोघांचंही जाणून होते. हे माझ्याजवळ ठेवणं बरं नव्हतं. घरी वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस. फार तर दोघांना एका ठिकाणी बसव." मी तेच केलं. वडिलांना फोन करून म्हटलं, शनिवारी अर्ध्या दिवसाने शाळा सुटते, तेव्हा या. रेकॉर्डिंग काढायच्या आधी तुम्ही दोघांनी एकदा एकत्र ऐकावं, असं मला वाटतं.

"ती ऐकते?" त्यांनी विचारलं.

"रोज," मी म्हटलं.

शनिवारी ते आले. या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून. मुलगी आधीच खोलीत येऊन बसली होती. दोघं सतरंजीवर शेजारी बसले, पण मध्ये आणखी एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून. पीटीच्या सरांनी लॅपटॉप आणि छोटा स्पीकर आणून लावला आणि ते निघून गेले. मीही निघाले तर मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसा ना." मग मी दाराशी बसले.

भोंग्यातून ऐकणं आणि खोलीत ऐकणं यात फार फरक आहे. भोंग्यात आवाज कडक होतो. इथे तो जवळून आला, खर्जातली थोडी घोगरी कड ऐकू आली, पेटीच्या भात्याची हवा ऐकू आली, कोणाच्या तरी बांगड्या ऐकू आल्या. वडिलांनी मान खाली घातली. मुलगी स्पीकरकडे बघत होती. पहिलं कडवं झालं आणि तिने बापाच्या गुडघ्यावर हात मारला. "बाबा, आता. आता ऐक. ही बघ. मी."

"ही तू?" ते म्हणाले. "येवडीशी?"

"तिसरीत होते."

"मला तर वाटायचं कोन पोर मदीच सुरू करते." ते हसले. खरंच हसले. मग पुन्हा ऐकू लागले.

संपल्यावर तिने विचारलं, "परत लावू?" त्यांनी मान डोलावली. दुसऱ्यांदा ऐकताना तिसऱ्या ओळीच्या त्या श्वासापाशी त्यांनी एकदम हात वर केला, थांब म्हणून. मुलीने बंद केलं.

"हितं ती थांबली ना?" ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "शब्दाच्या मध्येच श्वास घेतला आहे. सगळी मुलं तसंच गातात आता."

"जिना चढताना बी ती अशीच थांबायची. दोन जिने हायेत आमचे. दुसऱ्यावर थांबायची, कठड्याला धरून. मी वरून बोलायचो, म्हातारी झाली काय गं? ती बी हसायची." त्यांनी तळहाताने तोंड पुसलं. "चार वर्सं आदीचं हाय हे. तवाच दम लागत होता तिला. आमी हसत होतो."

मुलगी बापाकडे बघत राहिली. "मला वाटायचं ती मुद्दाम घेते," ती म्हणाली. "स्टाइल म्हणून. मी पण तशीच घ्यायचे."

मग ती रडली. आवाज न करता, खांदे हलवत. मधलं अंतर कधी संपलं मला कळलं नाही, पण तिचं डोकं त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर होतं आणि त्यांचा हात तिच्या वेणीवर होता. मी बाहेर जाऊन जिन्यावर उभी राहिले. मैदानात दोन-तीन मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांना घरी पिटाळलं. दुसरं काय करावं सुचेना.

परत आले तेव्हा दोघांचं वेगळंच चाललं होतं. ते म्हणत होते, "राहू दे, चालू राहू दे. मी पुडच्या स्टॉपला उतरन, मागच्या रस्त्यानं येन." आणि ती म्हणत होती, "नको बाबा, बंद करू दे. तू किती फिरून येणार रोज?" दोघंही एकमेकांसाठी माघार घेत होते आणि दोघांनाही ते सोसत नव्हतं. शेवटी मुलगीच माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, सोमवारपासून नका लावू."

पीटीच्या सरांनी नंतर ते रेकॉर्डिंग वडिलांच्या मोबाइलमध्ये घालून दिलं. "आत्ता नाय आयकनार," ते म्हणाले, "पन असू दे."

नवीन रेकॉर्डिंग मी केलं नाही. मुख्याध्यापिका बाईंना म्हटलं, मी आणि आठ मुलं रोज माइकवर प्रत्यक्ष गाऊ. त्यांना ते कटकटीचं वाटलं, पण त्या हो म्हणाल्या. सोमवारी शिपाई सवयीने बटणाकडे गेला आणि थबकला. मी पेटी पुढे ओढली, काळी पाच धरली. "सरळ उभं राहा" असं काही म्हणाले नाही. सरळ सुरू केलं. पहिल्या ओळीत माझा आवाज इतका कापला की शेजारच्या मुलांनीच ती ओळ सांभाळली. तिसऱ्या ओळीत सगळ्या शाळेने मध्येच श्वास घेतला. तो शब्द जोडून गायला शिकवणं हे खरं तर माझं काम. मी ते केलं नाही, अजूनही केलेलं नाही.

ती मुलगी त्या दिवशी खांबाजवळ नव्हती. आपल्या उंचीच्या जागी, पुढून तिसरी उभी होती. ओठ मिटलेले. वर्ष संपेपर्यंत ती गायली नाही. मला आशा होती, खोटं कशाला बोलू. रोज सकाळी गाताना माझं अर्धं लक्ष तिच्याकडे असे. आज गाईल, उद्या गाईल. एकदा वर्गात तिने खंजिरी उचलली आणि ताल धरला, ठीकठाक धरला, आणि मला वाटलं आता होईल. तास संपला, तिने खंजिरी जागेवर ठेवली आणि गेली.

वार्षिक परीक्षा आल्या तसं तिच्या वडिलांचं कळलं. त्यांनी कंपनीत दिवसाची जनरल शिफ्ट मागितली होती, मिळाली नाही. नाइटच्या दिवशी मुलगी शेजारच्या काकूंकडे झोपायची. तिची मावशी लांब उलव्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आली होती. ती म्हणाली, पोर मोठी होतेय, घरात बाईमाणूस नाही, माझ्याकडे राहू दे. वडील कबूल झाले. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला ते आले तेव्हा मी ऑफिसात होते. सही करताना म्हणाले, "काय करनार मॅडम? ती तरी नीट जेवंल."

मुलगी माझ्या खोलीत आली. या वेळी उंबऱ्यावर थांबली नाही. खुर्चीजवळ गेली, शाल उचलली, चेहऱ्याशी नेली आणि घडी करू लागली. घडी नीट बसेना, म्हणून मी दुसरी बाजू धरली. दोघींनी मिळून ती घातली. तिने ती दप्तरात टाकली.

"तिथल्या शाळेत म्युझिक नाहीये," ती म्हणाली.

"वाईट वाटतंय?"

तिने थोडा विचार केला. "नाही. बरंय." आणि मग, मला वाईट वाटेल असं वाटून असावं, "तुम्ही चांगलं शिकवता मॅडम." तेरा वर्षांच्या मुलीने माझी समजूत काढली आणि ती गेली. खिडकीतून मी दोघांना गेटाबाहेर जाताना पाहिलं. बापाच्या हातात दाखल्याची फाइल होती आणि पाठीवर तिचं दप्तर.

जूनमध्ये शाळा पुन्हा भरली. नवी पाचवी आली. त्यांच्यासाठी मी फक्त मॅडम आहे, नवीन नाही. मलाही आता खुर्चीला पाठ टेकून बसता येतं, आणि ज्या दिवशी पहिल्यांदा टेकली त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही.

त्यानंतर एका रविवारी सकाळी मी वहिनीबरोबर घणसोलीच्या मासळी बाजारात गेले होते. वहिनी पापलेटचा भाव करत होती. पलीकडच्या कोळणीसमोर त्या मुलीचे वडील उभे होते. मला ओळखून त्यांनी मान हलवली, आणि मी चिखल चुकवत त्यांच्याजवळ गेले.

"कशी आहे ती?"

"बरी हाय. आज येनार हाय, दोन दिस राहंल." थोडं थांबून म्हणाले, "मी आयकतो हां तुमची प्रार्थना. अजून नाइटच हाय. ती फोनवर इचारते, आता कोन गातं. मी सांगतो, नव्या मॅडम. मग ती काय बोलत नाय."

ते कोळणीकडे वळले. समोर कोळंबीचा वाटा होता.

"सोलून दे गं," ते तिला म्हणाले. "आनि हिला हलद, मसाला कधी लावायचा, आदी का मागनं? माज्या पोरीला आवडते, पन करनारा मीच हाय आता."

कोळणीने हातातला कोयता बाजूला ठेवला आणि त्यांना सावकाश, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ते वाकून, एकेका गोष्टीला मान डोलावत ऐकत होते.